ठासणीच्या रायफलीचा पीळ: १:४८ गोल गोळीला चालतो, की नळीच बदलावी?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. एक वापरलेली ठासणीची रायफल घेतली आहे. टोपीवर चालणारी, ०.५० कॅलिबर, हॉकन धाटणीची, नळी २८ इंच, नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा उथळ. नळीवर कॅलिबर कोरलेलं आहे, पिळाचा आकडा कुठेच नाही. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे १:४८, म्हणजे ४८ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा.

आतापर्यंतचे आकडे देतो. ०.४९० इंचाची गोल गोळी, वंगण लावून पाकिटात मिळणारा ०.०१५ इंच जाडीचा पॅच (गोळीभोवती गुंडाळायची चिंधी), ९० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) एफएफजी, म्हणजे जाडसर दाण्याची काळी दारू: ५० यार्डांवर पाच गोळ्या सहा-सात इंचांत पसरतात. ३७० ग्रेनची शिशाची लांब गोळी आणि ८० ग्रेन दारू: ५० यार्डांवर तीन इंच, १०० वर आठ. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली, साध्या उघड्या साइट्स. दोन बारांच्या मध्ये नळी पुसत नाही.

रेंजवर दोघांनी एकच सल्ला दिला: १:४८ धड गोल गोळीचा नाही, धड लांब गोळीचाही नाही, १:६६ ची नळी घाला. नवी नळी स्वस्त नाही. म्हणून तीन प्रश्न. पीळ खरंच १:४८ आहे का, हे घरी तपासता येतं का? त्या दोघांचं म्हणणं बरोबर आहे का? आणि नळी बदलण्याआधी काय काय करून पाहावं?

लेथवाला

नळीला इतक्यात हात लावू नका. तुमच्या आकड्यांत मला पिळाचा दोष अजून दिसत नाही. दिसतोय तो चिंधीचा आणि त्या ९० ग्रेनांचा.

आधी पीळ कशासाठी लागतो ते बघू. लांब गोळी हवेत जाते तेव्हा हवेचा दाब तिच्या वजनाच्या मध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला लागतो आणि तिला कोलांटी घालायला बघतो. भोवरा फिरत असेतो पडत नाही, तसंच फिरणं गोळीला सरळ ठेवतं. गोळी जितकी लांब, तितकी उलटण्याची ओढ जास्त आणि तितका घट्ट पीळ हवा. इथे हिशोब लांबीचा आहे, वजनाचा नाही. एकाच कॅलिबरमध्ये वजन वाढलं की लांबी वाढते, म्हणून सगळे ग्रेनमध्ये बोलतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

गोल गोळीला नाकच नसतं. ती कशीही वळली तरी हवेला तोच गोल दिसतो. तिला फिरवायचं ते वेगळ्या कारणासाठी. ओतलेल्या गोळीत कुठेतरी सुईच्या टोकाएवढी पोकळी राहते, साच्यातून कापलेला बुंधा एका बाजूला असतो, त्यामुळे वजनाचा मध्य आणि आकाराचा मध्य नेमके एकावर एक येत नाहीत. न फिरता गेली तर ती कुठल्यातरी एकाच बाजूला ओढली जाते. फिरत गेली की ती ओढ चहूबाजूंना वाटली जाते. एवढ्यासाठी संथ फिरणंही पुरतं.

वुलिचच्या तोफखाना महाविद्यालयातले गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपं सूत्र दिलं, ते आजही अंदाजाला उपयोगी पडतं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. सगळं इंचांत. उत्तर येतं ते एका फेऱ्याला लागणारे इंच.

०.४९० ची गोल गोळी: लांबी आणि व्यास एकच, म्हणून १५० गुणिले ०.४९, म्हणजे ७३.५. तुमची ३७० ग्रेनची गोळी कॅलिपरने मोजा. ती ०.८५ इंच भरली असं धरलं तर ०.२५ गुणिले १५० भागिले ०.८५, म्हणजे ४४. प्लास्टिकच्या खोळीतून मारायची ०.४५ ची एक इंच लांब गोळी: ३०. आता बाजारात आलेल्या नळ्या बघा. ग्रीन माउंटनची ०.५० ची गोल गोळीची नळी १:७०. लायमनची ग्रेट प्लेन्स १:६०, तिचीच लांब गोळीवाली बहीण १:३२. टोपी सरळ नळीच्या मागे बसते अशा आधुनिक इनलाइन रायफली बहुतेक १:२८. सगळे आकडे सूत्राच्या आसपासच फिरतात.

मग गोल गोळीला १:४८ जास्त होतो का? फिरणं जास्त झालं म्हणून गोल गोळी बिघडत नाही. सेकंदाला १८०० फुटांच्या वेगात १:४८ मधून ती सेकंदाला ४५० फेरे घेते, १:६६ मधून ३२७. दोन्ही पुरेसे. त्रास हवेत होत नाही, नळीत होतो. गोळी स्वतः खाचांना धरतच नाही, धरते ती तिच्याभोवतीची चिंधी. पीळ जितका घट्ट आणि मागून धक्का जितका जोराचा, तितकं त्या चिंधीवर ओढ-बळ जास्त. एका मर्यादेपलीकडे चिंधी खाचेतून सुटते आणि गोळी खाचा ओलांडून सरळ घसरत जाते. मग पीळ असून नसल्यासारखा. म्हणून संथ पिळाची नळी भरपूर दारू सोसते, आणि घट्ट पिळाची नळी थोड्या दारूवर गोल गोळी उत्तम मारते.

दुसरी गोष्ट खाचांची खोली, आणि ही माझ्या मते पिळाहून जास्त महत्त्वाची आहे. हिशोब करून बघा. कंगोऱ्यांपासून (खाचांमधल्या उंचवट्यांपासून) समोरच्या कंगोऱ्यांपर्यंत ०.५००. खाचा ०.००५ खोल असतील तर खाचेच्या तळापासून तळापर्यंत ०.५१०. गोळी ०.४९० आणि दोन्हीकडून ०.०१५ चिंधी मिळून ०.५२०. म्हणजे खाचेतही कापड ०.०१० दाबलं जातं, दारूच्या धगीला वाट मिळत नाही. तीच गोळी आणि तीच चिंधी ०.०१० खोल खाचांच्या नळीत घातली तर तळ ०.५२० वर. कापड जेमतेम टेकतं, दाबलं जात नाही. तिथे ०.०१८ किंवा ०.०२० चं कापड हवं. गोल गोळीच्या नळ्यांना ०.०१० ते ०.०१२ खोल खाचा देतात, कारण खोल खाचेत जाड कापड घट्ट पकडतं आणि काजळीलाही जागा मिळते. लांब गोळीला उलट हवं. शिसं स्वतः फुगून खाच भरणार, तेव्हा खाच उथळच बरी.

पण पाकिटावरच्या ०.०१५ वर विसंबू नका. मायक्रोमीटरच्या चिमटीत दाबून मोजा. सैल विणीचं कापड दाबलं की ०.०१० वर येतं, आणि वरचा सगळा हिशोब कोसळतो.

सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या मूळ रायफलींत पीळ बहुतेक १:४८ च असायचा, गोल गोळीसाठीच. फक्त खाचा खोल असायच्या. "१:४८ गोल गोळीचा नाही" हे वाक्य त्यामुळे तसंच्या तसं घेऊ नका.

निशाणी

लेथवाल्यांशी सहमत. मी मोजणी आणि चिंधी, या दोन गोष्टींचं सांगतो.

सगळ्यात आधी नळी रिकामी आहे ना ते बघा. वापरलेल्या ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला सापडतो, ही नेहमीची गोष्ट आहे आणि बाहेरून काही कळत नाही. टोपी काढा, गज नळीत सोडा, तोंडाशी अंगठा धरा, गज बाहेर काढून नळीच्या बाजूने तेवढाच लावून बघा. त्याचं टोक टोपी बसते त्या निपलच्या जवळपास पोचलं पाहिजे. दोन इंच अलीकडेच अडत असेल तर आत काहीतरी आहे. तो गज मग तोंडाशी जिथे येतो तिथे कायमची खूण करा. ही "रिकामी" खूण.

आता पीळ. गजाच्या टोकाला जॅग (चिंधी धरून ठेवणारा तुकडा) लावा, त्यावर घट्ट बसेल अशी किंचित तेलकट चिंधी, आणि बुडापर्यंत ढकला. तोंडाबाहेर राहिलेल्या गजावर कागदी टेपचा झेंडा चिकटवा, वरच्या दिशेला. नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलने रेघ मारा. मग गज दोन बोटांत सैल धरून हळू ओढा. मूठ आवळली तर गज फिरणार नाही, चिंधी खाचांवरून घसरेल आणि आकडा खोटा येईल. बेअरिंगच्या मुठीचा सफाईचा गज असेल तर उत्तम. झेंडा बाराच्या जागेवरून तीनच्या जागेवर आला की थांबा. हा पाव फेरा. पेन्सिलची रेघ तोंडापासून किती इंच बाहेर आली ते मोजा आणि चारने गुणा. १२ इंच आले तर १:४८, साडेसोळा आले तर १:६६, ७ आले तर १:२८. तीनदा करा, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच धरा.

चिंधीचं. बार झाल्यावर पॅच दहा-पंधरा पावलांवर पडतो. रेंज थंड झाल्याची, म्हणजे सगळ्यांनी गोळीबार थांबवल्याची हाक येऊ द्या, मग जाऊन सगळे उचला. ही चिंधी म्हणजे नळीच्या आतली हकिगत आहे. चांगला पॅच असा दिसतो: मधोमध काळा-करडा गोल, त्याभोवती खाचांचे पट्टे सारख्या अंतरावर, कडा उसवलेल्या पण शाबूत. झटकून पुन्हा वापरता येईल इतका धड.

मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ, वंगण कमी, नाहीतर दारू जास्त. गोळीच्या कमरेच्या जागी गोलाकार बारीक चिरा असतील तर कुठेतरी धार लागते आहे, नळीच्या तोंडाच्या कडेला किंवा आत कंगोऱ्यांना. नुसत्या चिंधड्या मिळाल्या तर कापडच कुजलेलं. वंगण लावून पाकिटात बरेच दिवस पडलेल्या तयार पॅचचं हे नेहमीचं दुखणं आहे. दोन्ही हातांनी जोरात ताणा. नवं सुती कापड फाटत नाही, कुजलेलं टरकन फाटतं.

चिरा तोंडाशी पडतात की आत, हे बिनदारूचं कळतं. रिकाम्या नळीत गोळी चिंधीसकट स्टार्टरने (गोळी तोंडातून आत ढकलायच्या आखूड दांड्याने) दोन-तीन इंच आत घाला, मग गोळी काढायच्या स्क्रूने बाहेर ओढा. तेव्हाच चिंधी कापलेली दिसली तर दोष तोंडाच्या कडेचा.

हे बघितल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

ओहायोकर

दोघांचे मनापासून आभार. नळी रिकामीच होती. पाव फेऱ्याला १२, ११ ७/८ आणि १२ १/८ इंच. म्हणजे १:४८ पक्कं.

पॅच पाच उचलले. तीन मधोमध जळून आरपार, रुपयाच्या नाण्याएवढं भोक, कडा तपकिरी आणि ठिसूळ. एक अर्धा, एकाच्या नुसत्या दशा. पाकिटातला न वापरलेला ताणला तर कोपऱ्यापासून फाटला. स्टार्टरने घालून परत ओढलेली चिंधी मात्र शाबूत, चीर नाही. दाबून मोजलं तर जाडी ०.०११.

निशाणी

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. तोंडाची कड चांगली आहे, पीळ चांगला आहे. चिंधी गोळी नळीत असतानाच जळते आहे, आणि जळलेली चिंधी गोळीला फिरवू शकत नाही. तुमची गोल गोळी १:४८ मधून जात नाहीये. ती जवळजवळ गुळगुळीत नळीतून जावी तशी जाते आहे. या परिस्थितीत १:६६ ची नळी घातली असती तरी सहा इंच ते सहा इंचच राहिले असते.

कापड: शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं. उशीच्या अभ्र्याचं पट्ट्यापट्ट्यांचं टिकिंग मिळतं ते ०.०१८ च्या आसपास भरतं. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, नाहीतर वंगण मुरत नाही. पॉलिएस्टरचा अंश असलेलं कापड अजिबात नको, ते वितळून नळीला चिकटतं. एक भाग मेणाला दोन-तीन भाग चरबी किंवा ऑलिव्ह तेल असं पातळ केलेलं वंगण चालतं. कापड ओलं वाटावं, पण दाबल्यावर थेंब येऊ नये. जास्तीचं वंगण दारूत उतरतं आणि वेग दर बाराला बदलतो. वापराल त्या दिवसापुरतंच लावा.

दारू: ०.५० ला एफएफएफजी, म्हणजे बारीक दाण्याची घ्या, काजळी कमी होते. पण ती जलद जळते, म्हणून एफएफजीचा आकडा तसाच ठेवू नका, दहा-पंधरा टक्के उतरवा. सुरुवात ५० ग्रेनपासून, म्हणजे कॅलिबरएवढे ग्रेन, आणि पाच-पाचने वर. प्रत्येक पायरीला पाच बार, पॅच उचलून त्यांच्यावर आकडा लिहून ठेवा. ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा, एका पायरीवर आवळतो आणि पुढे पुन्हा सुटू लागतो, तिथे थांबायचं. बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. दारू मापाच्या भांड्यातूनच ओतायची, डब्यातून थेट नळीत कधीच नाही. आत एखादा निखारा राहिला असेल तर हातात डबा फुटतो. आणि बिनधुराची दारू चिमूटभरही नाही. ती या नळीसाठी बनलेलीच नाही.

प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी, एक कोरडी. तेवढेच हात, दर वेळी. ओलसर म्हणजे जिभेवर ठेवून काढल्याइतकी. नळीच्या बुडाशी पाणी साचलं तर पुढचा बार फुसका जातो.

गोळी ठासताना दर वेळी सारखाच जोर, आणि दारूवर पक्की टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. ठासल्यावर गज तोंडाशी जिथे येतो तिथे दुसरी खूण करा, "भरलेली" म्हणून. खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी अर्ध्यात अडली आहे. तिथे टोपी लावायची नाही.

आणि गोळीचा कापलेला बुंधा नेहमी वर, अगदी मधोमध. तराजू असेल तर गोळ्या तोला. ०.४९० ची गोळी १७७ ग्रेनच्या आसपास भरते. एखादी ग्रेनभर हलकी भरली तर आत पोकळी आहे, ती परत भांड्यात.

सातपुडा

लेथवाल्यांचं सूत्र गोल गोळीला नीट बसतं, पण लांब गोळीबद्दल एक पुरवणी जोडतो, नाहीतर एनफील्डचं कोडं सुटणार नाही.

१८५३ ची ब्रिटिश लष्कराची एनफील्ड रायफल, ०.५७७, नळी ३९ इंच, तीन खाचा. शाळेच्या पुस्तकात १८५७ च्या चरबीच्या काडतुसांबद्दल आपण जे वाचतो ती काडतुसं हिचीच. गोळी ५३० ग्रेनची, साधारण इंचभर लांब. ग्रीनहिलच्या सूत्राने तिला ४८ इंचांत एक फेरा हवा. प्रत्यक्षात पीळ १:७८. तरीही ती दोन-अडीचशे यार्डांवर त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांना कुठल्या कुठे मागे टाकायची. कारण गोळीचं बूड आतून पोकळ आहे. त्यामुळे वजनाचा मध्य नाकाकडे सरकतो, उलटण्याची ओढ कमी होते आणि कमी पिळातही ती सरळ राहते. बॅडमिंटनच्या फुलाचं जड टोक पुढे असतं, तसं काहीसं. अमेरिकेच्या १८६१ च्या स्प्रिंगफील्डचा १:७२ सुद्धा अशाच पोकळ बुडाच्या, मिनिए नावाच्या गोळीमुळे चालतो. सूत्र भरीव गोळी धरून आहे, पोकळ बुडाची गोळी त्यात बसत नाही.

पण अंतर वाढलं की संथ पिळाची मर्यादा उघडी पडते. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी ०.४५१ ची षटकोनी नळी केली, पीळ १:२०, गोळी तेवढीच ५३० ग्रेनची पण बारीक आणि लांब. १८५७ च्या चाचण्यांत ५०० यार्डांवर एनफील्डचं सरासरी विचलन २.२४ फूट, व्हिटवर्थचं ०.३७. ८०० यार्डांवर ४.२० विरुद्ध १.००. दारू जवळजवळ तेवढीच, शिसं तेवढंच. फरक गोळीच्या आकाराचा आणि त्या आकाराला साजेशा पिळाचा. नुसता पीळ घट्ट करून हे झालं नसतं. तरी लष्कराने ती घेतली नाही. किंमत जास्त होती आणि बारीक नळी काजळीने लवकर भरायची. आरमाराच्या १८५८ च्या आखूड एनफील्डला मात्र पाच खाचा आणि १:४८ पीळ मिळाला, आणि ती लांब एनफील्डपेक्षा नेमाला सरस ठरली.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण तर आपल्या सातपुड्यातलं आहे. पचमढी जगापुढे आणणारे कॅप्टन जेम्स फॉरसिथ मध्य प्रांतात नोकरीला होते, त्या प्रांताची राजधानी नागपूर. त्यांचा आग्रह होता जाड गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी संथ पीळ. १४ बोअरच्या, म्हणजे सुमारे ०.६९ च्या नळीला त्यांनी १:१०४ सांगितला. सूत्राने ०.६९ च्या गोल गोळीला १०३ येतो! ग्रीनहिलच्या आधी पंधरा-सोळा वर्षं. पीळ संथ म्हणून चिंधी सुटत नाही, म्हणून दारू वाढवता येते, म्हणून शंभर यार्डांपर्यंत गोळी सपाट जाते आणि दाट जंगलात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी भागतं. रानगव्याच्या मुलुखात हाच हिशोब योग्य होता. आजही जाड गोल गोळीच्या १:१०४ च्या नळ्यांना "फॉरसिथ" म्हणतात.

लेथवाला

पुरवणी अगदी योग्य. पोकळ बुडाचा मुद्दा मी लिहायला हवा होता. सूत्र तसंही सावध आहे, ४४ उत्तर आलं म्हणून ४८ मध्ये गोळी कोलांट्या खाईलच असं नाही. खरा निकाल कागदावरचं भोक देतं. ओहायोकर, १०० यार्डांवरची भोकं गोल आहेत की लांबट? कागद पुठ्ठ्यावर ताणून लावा. लांबट असतील तर पीळ कमी पडतोय. गोल असतील तर पीळ पुरतोय, आणि आठ इंचांचं कारण दुसरीकडे शोधायचं.

कोकणी_माणूस

विषय थोडा बाजूचा आहे, पण विचारतो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते, तिला पीळ असतो का? नसेल तर कोणी पाडून देतं का?

लेथवाला

नसतो. ती गुळगुळीत नळीची बंदूक, छर्रे मारण्यासाठी. तिची नळीही पातळ असते. खाचा पाडल्या तर उरलेली जाडी दाब सोसणार नाही. शिवाय शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीत बदल किंवा दुरुस्ती परवानाधारकाशिवाय कोणालाही करता येत नाही, आणि बदललेली बंदूक तुमच्या परवान्यावरच्या वर्णनाशी जुळणारही नाही. तो विचार सोडून द्या.

ओहायोकर

नवे आकडे. टिकिंग धुऊन, मेण-ऑलिव्ह तेल लावून, दाबून ०.०१७. गोळी तीच ०.४९०, एफएफएफजी, दर बाराला पुसून. ५० यार्डांवर ५० ग्रेनला साडेतीन इंच, ६० ला पावणेतीन, ६५ ला सव्वादोन, ७० ला दोनच्या आत, ७५ ला पावणेतीन, ८० ला चार. ७० पर्यंतचे पॅच धुऊन पुन्हा वापरता येतील इतके धड. ८० च्या दोन पॅचवर खाचांचे पट्टे तिरपे पुसलेले दिसतात.

लांब गोळीची १०० यार्डांवरची भोकं गोल आहेत, पाचही. पण एक गोष्ट आता लक्षात आली. पहिल्या दोन जवळजवळ, पुढच्या तीन वर-वर चढत गेलेल्या.

निशाणी

८० चे ते तिरपे पुसलेले पट्टे म्हणजे चिंधी खाच सोडून घसरल्याची खूण. लेथवाल्यांनी वर सांगितलं तेच. उथळ खाचांच्या १:४८ ला ७० ही तुमची जागा, तिथेच राहा. ०.४९५ ची गोळी ०.०१५ च्या ताज्या कापडात एकदा करून बघायला हरकत नाही, पण ठासायला फार जड गेली तर सोडा. जोर लावताना गोळीचा माथा चेपतो आणि मिळवलेलं सगळं जातं.

लांब गोळीला तुमचा पीळ पुरतो आहे, भोकं गोल आहेत त्यावरून हे ठरलं. वर चढणाऱ्या गोळ्या काजळीच्या. दर बाराला नळी आवळत जाते, दाब वाढतो, गोळी वर लागते. इथेही तसंच पुसा. दारू आणि गोळीच्या मध्ये वंगणाची नमद्याची चकती घाला. ती धग अडवते आणि काजळी मऊ ठेवते. चकती दारूवर आणि गोळी चकतीवर पक्की टेकली पाहिजे. शिसं शुद्ध, मऊ हवं. नखाने ओरखडा उठला पाहिजे. कथील मिसळलेलं कडक शिसं बुडाशी फुगत नाही, खाच भरत नाही. यापेक्षा लांब, इंचाच्या वरची गोळी या नळीला घेऊ नका. तिथे मात्र १:४८ खरंच कमी पडेल.

एक काळजी फक्त लांब गोळीची. तिच्याभोवती चिंधी नसते. पुसलेल्या, वंगणाच्या नळीत, तोंड खाली करून चालताना किंवा गाडीच्या हादऱ्यांनी ती दारूवरून पुढे सरकू शकते, आणि मग ती मधली पोकळी तयार होते. चालून आल्यावर, टोपी लावायच्या आधी, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि आपला चेहरा बाजूला ठेवून गज आत सोडा आणि "भरलेली" खूण बघा. नमद्याच्या चकतीमुळे ती खूण गोल गोळीच्या खुणेपेक्षा वेगळ्या जागी येईल, म्हणून लांब गोळीसाठी तिसरी खूण वेगळ्या रंगात करा.